डाव्या बाजूचा खिसा

बायकांच्या कपड्याला खिसा का नसतो, यावर मी आयुष्यभर चिडत आलेय. पुरुषाच्या सदऱ्याला खिसा, लेंग्याला खिसा, बंडीला तर आतून-बाहेरून खिसे. बाईनं चिल्लर कमरेला खोचायची, किल्ली पदराला बांधायची, आणि मोबाइल आला तेव्हा तो ब्लाउजात कोंबायचा. तापीकाठच्या आमच्या शहरात, बुधवारा पेठेत, माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, एक मशीन, एक कापायचं टेबल आणि खुंटीला अडकवलेले अस्तराचे तुकडे. तिथं बसून मी इतक्या बायकांना गळ्यातून फोन उपसताना पाहिलंय की आता हसूही येत नाही. घामानं भिजलेला फोन आधी पदराला पुसायचा आणि मग 'हॅलो' म्हणायचं.

खिसा मी पहिल्यांदा लावला तो माझ्या धाकट्या बहिणीसाठी. आम्ही दोघीच. बाबा नेपानगरच्या कागद कारखान्यात होते, नाशिककडून आलेले, आणि कॉलनीत सगळी आपलीच माणसं असल्यामुळे आमचं बोलणं पुस्तकातल्यासारखं राहिलं. मग मी लग्न होऊन बुधवाऱ्यात आले आणि धाकटी जवळच्या जसोंडी गावात, केळीवाल्या घरात पडली. वर्षभरात ती 'मले', 'तुले' करायला लागली. मी तिला चिडवायची, 'बाबांनी एवढं शाळेत घातलं ते मातीत गेलं.' ती म्हणायची, 'माती चांगली हाय व ताई आमची, केळी येते तिच्यात.' तिला राग यायचाच नाही. आमच्या घरातला सगळा राग देवानं माझ्याच वाट्याला दिला होता.

तिची एकुलती एक मुलगी सुरतेला दिलेली. त्या पोरीला दुपारी सासू लवंडली की तेवढाच वेळ मिळायचा बोलायला, आणि त्या वेळी धाकटी नेमकी बागेत असायची, झाडांच्या बुंध्याशी वाकून पिलं कापत. म्हणजे मोठ्या झाडाच्या शेजारी जे नवे कोंब फुटतात ते काढत. एकदा वाकताना तिच्या गळ्यातून फोन निसटून पाटाच्या पाण्यात पडला. दुसरा घामानं मेला. पोरीचा फोन आला आणि उचलता आला नाही, की तिचा सगळा दिवस खराब जायचा. मग मी तिच्या ब्लाउजाला आतून, डाव्या बाजूला, अस्तराचा खिसा लावून दिला. घाम लागू नये म्हणून त्याच्या आत केळीच्या घडाला घालतात त्या पांढऱ्या पिशवीचा तुकडा बसवला. ती अक्कल तिचीच. 'घड सांभाळते तर फोन नई सांभाळणार?' म्हणाली. फोन थरथरला की कामात असली तरी तिला कळायचं. नंतर तिचं पाहून जसोंडीच्या बायका आल्या, मग पार डोईफोडिया गावापर्यंतच्या आल्या. 'तो खिसेवाला शिवून द्या' म्हणायच्या. मला अभिमान वाटायचा, खोटं कशाला सांगू.

पोळ्याच्या आधी ती नवीन ब्लाउज टाकायला आली. मी माप घेत होते. टेप छातीवरून फिरवताना ती जराशी मागे सरली आणि म्हणाली, 'ताई, इथं जरा कडक लागते.' मी हात लावून पाहिला. सुपारीएवढी गाठ होती, हलत नव्हती.

'कधीपासून?'

'ध्यानात नई. दुखत त नई.'

'दुखत नाही म्हणूनच दाखवायचं,' मी म्हणाले. 'उद्याच्या उद्या दवाखान्यात चल. मी येते.'

'घरी इचारते,' ती म्हणाली. आणि इथंच सगळं फिसकटलं, कारण घरी तिच्या आधी तिचं उत्तर जाऊन बसलेलं होतं.

तिचा नवरा वाईट माणूस नाही, हे मी आत्ताच लिहून ठेवते. मी त्यांना पाहुणे म्हणते, ते मला ताई म्हणतात. दारू नाही, हात उगारणं नाही, केळीच्या बागेसारखी बायको जपणारा माणूस. त्यांच्या मोबाइलवर कुणीतरी एक व्हिडिओ पाठवलेला होता. पांढरा कोट घातलेला एक माणूस फोनजवळ कसलंसं यंत्र धरतो, ते यंत्र पीं-पीं करतं, आणि मग तो सांगतो की या लहरी अंगात शिरतात, रक्त नासवतात, गाठी करतात. फोन वाईट हे सांगणारा तो माणूस फोनमधूनच बोलत होता, पण हे कुणाच्या डोक्यात येत नाही. पाहुण्यांनी व्हिडिओ पाहिला, बायकोची गाठ पाहिली आणि खिसा पाहिला. ज्या जागी फोन त्याच जागी गाठ. आणखी पुरावा तो काय हवा? मी त्यांच्या जागी असते तर मीही क्षणभर हबकले असते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला अशी गत असते कधीकधी, पण फांदी आपल्या घरची असली की कावळ्यालाच दगड मारावासा वाटतो.

आणि मग पाहुण्यांनी ते केलं, जे केळीवाला माणूस करतो. बागेत व्हायरस आला, पानांवर पिवळे पट्टे दिसायला लागले, की ते झाड फवारून बरं होत नाही. ते मुळासकट उपटायचं, लांब नेऊन पुरायचं, आणि मग बाकीच्या झाडांना येणाऱ्या नव्या पानावर नजर ठेवायची. पान स्वच्छ निघालं की बाग वाचली. उशीर केला, दया केली, तर सगळी बाग जाते. त्या घरानं असं करून बाग वाचवलेली आहे. शेजाऱ्यांनी केलं नाही, त्यांची गेली. त्यामुळे रोगाचं मूळ सापडलं की उपटायचं आणि थांबायचं, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

त्यांनी तिचा फोन नेऊन लांबच्या बांधाला खड्ड्यात पुरला. दुसऱ्या कुणी विकला असता. मी विचारलंही, 'चांगला चालता फोन पुरला कशाला?' तर म्हणाले, 'ताई, रोगट रोप कोनी इकते काय? दुसऱ्याच्या बागेत जाते ते.' अशा माणसाशी भांडणार तरी कसं? सिमकार्ड त्यांच्या स्वतःच्या फोनात गेलं. तो फोन दुपारी त्यांच्याबरोबर केळी मंडीत असायचा. सुरतेच्या पोरीला आई मिळायची बंद झाली.

धाकटी गाठोडं घेऊन माझ्याकडे आली. सगळे ब्लाउज त्यात होते. 'खिसे उसवून दे ताई,' म्हणाली.

'उसवते. पण आधी दवाखाना.'

'आता कशाले? कारन त गेलं ना. हे म्हनतात, आता पाहू, बसून जाईन हळूहळू.'

'अगं, तो व्हायरस केळीला होतो! तू केळ आहेस का?'

ती हसली. मी दाती ओठ धरून खिसे उसवले. टाका काढला तरी कापडावर सुईच्या भोकांची रांग राहते, धुतल्यावरही जात नाही. ती तेवढी पाहिली तिनं, बोट फिरवून, आणि गाठोडं बांधलं. तिच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. तिला हायसं वाटलं होतं. कॅन्सर हा शब्द तिच्या मनात येऊन गेला असणारच, पण त्याच्याकडे पाहण्यापेक्षा खिशाकडे पाहणं सोपं होतं. खिसा उसवता येत होता.

रोग हाल्याला आणि इंजेक्शन पखालीला, असं आपल्याकडे म्हणतात. हाल्या म्हणजे रेडा, पखाल म्हणजे त्याच्या पाठीवरची पाण्याची कातडी पिशवी. लहानपणी मला ही म्हण ऐकून हसू यायचं.

दिवाळीपर्यंत ती थांबली. मी दर बाजाराला येणाऱ्या-जाणाऱ्यांबरोबर निरोप धाडत होते, आणि दरवेळी उत्तर एकच, 'नरम पडली म्हने.' नरम पडली नव्हती. माणसाला जे हवं असतं ते बोटांना लागतं. तिची सासू वरून हळदीचा लेप लावत होती, त्यानं कातडी पिवळी झाली होती आणि त्यामुळे सगळ्यांना वाटत होतं की काहीतरी होतंय.

दिवाळीत ती माझ्याकडे राहायला आली. आई-बाबा गेल्यापासून तिचं माहेर म्हणजे माझीच खोली. मी शहरातल्या एका बाई-डॉक्टरांकडे तिचं नाव लावून ठेवलं होतं. आधी सांगितलं असतं तर आलीच नसती, म्हणून तिला पणत्या घ्यायला म्हणून बाहेर काढणार होते. साडी नेसून झाली आणि तेवढ्यात पाहुणे मोटरसायकल घेऊन दारात. माझ्याच तोंडाला कुलूप नसतं. आदल्या दिवशी मी शेजारणीला सांगितलं होतं, शेजारीण जसोंडीच्या बाजूची, झालं.

पाहुणे आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, 'ताई, खिसा तुमीच लावला. आता दवाखानाबी तुमीच लावता काय तिच्या मागे?'

ओरडून म्हणाले नाहीत. ओरडले असते तर मी त्यांच्या वर ओरडले असते, त्यात मला कुणी हरवू शकत नाही. ते अगदी शांतपणे बोलले, डोळे खाली घालून. मी बोलले असते तर त्यांना वाटलं असतं की स्वतःचा दोष झाकायला बोलतेय. आणि मलाही तसंच वाटलं असतं, ही त्यातली मेख. आयुष्यात पहिल्यांदा मी मूग गिळून बसले. धाकटी चपला घालून त्यांच्या मागे बसली. जाताना म्हणाली, 'टेन्शन घेऊ नको ताई. नवीन पान चांगलं निघन.' ते दोघं असंच बोलायचे आता. गाठीला गाठ म्हणायचं नाही.

संक्रांतीनंतर तिच्या छातीची कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली. काखेत आणखी एक गाठ आली. मग पाठ दुखायला लागली, इतकी की वाकून पिलं कापणं बंद झालं. त्या घरात काम बंद झालं म्हणजे आजार, त्याआधी नाही. होळीची राख थंड व्हायच्या आत पाहुणे स्वतः माझ्याकडे आले. दारात उभे राहिले आणि म्हणाले, 'ताई, कुठं न्याची ते सांगा.' मला त्यांना काय काय ऐकवायचं होतं! हिवाळाभर पाठ करून ठेवलेली भाषणं होती माझी. मी फक्त पायात चप्पल सरकवली.

इंदूरला मोठ्या दवाखान्यात तुकडा काढला, यंत्रात घातलं, पुन्हा बोलावलं. रिपोर्ट सांगायच्या वेळी पाहुणे खाली औषधांच्या रांगेत उभे होते. आत मी आणि धाकटी. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, थकलेल्या होत्या, पण बोलल्या नीट. हाडांत गेलंय, लिव्हरमध्ये गेलंय. औषधं देऊ, दुखणं कमी करू. ऑपरेशनचा आता उपयोग नाही.

धाकटीनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, तिच्या मोडक्या हिंदीत, 'मैडम, ये फोन से हुआ ना? इधर रखती थी मैं.'

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. 'नहीं बहनजी. फोन से ये नहीं होता.' मग आमचे चेहरे पाहून त्या थोडं थांबल्या आणि समजावून सांगायला लागल्या. फोनच्या लहरी एक्स-रेसारख्या नसतात, फार कमजोर असतात, फार तर जरासं गरम करतात. लोक अजून तपासताहेत, शोधताहेत, पण फोन ठेवल्यानं छातीत गाठ होते असं आजवर काहीही हाती लागलेलं नाही. ज्या बायकांनी कधी फोन पाहिला नाही त्यांनाही हा आजार होत आला आहे.

'फिर किससे हुआ?'

'पता नहीं. हर बार कारण नहीं मिलता.' आणि मग त्या बोलू नये ते बोलल्या, पण त्यांना काय माहीत. 'गाठ दिसली तेव्हाच आला असता तर बरंच काही करता आलं असतं,' एवढ्याच अर्थाचं एक वाक्य, हिंदीत, कागदावर लिहिता लिहिता.

बाहेर बाकड्यावर बसल्यावर माझ्या डोळ्यांपुढं लाल झालं. मला जिना उतरून जायचं होतं आणि औषधांच्या रांगेत, सगळ्यांसमोर, पाहुण्यांना सांगायचं होतं की तुम्ही पुरलात तो नुसता फोन नव्हता. मी उठलेही. धाकटीनं माझा हात धरला. तिच्या हाताला पिलं कापण्याच्या विळ्याचे घट्टे होते, ते अजून गेले नव्हते.

'ताई, हे त्याइले सांगू नको.'

'का नको?'

'मरतीन ते. मी त जातोच हाय. पोरीले बाप त राह्यला पाहिजे.' ती श्वास घ्यायला थांबली. 'फोननंच झालं म्हन. डॉक्टरनं सांगितलं म्हन. लवकर आनलं असतं तरी काई फायदा नव्हता, असं म्हन.'

'म्हणजे खिशानं झालं म्हणू? माझ्या हातानं झालं म्हणू?'

'तू सहन करशीन,' ती म्हणाली. 'तू आधीपासूनच कडक हायेस.'

जगात मला कुणी यापेक्षा वाईट काही म्हटलेलं नाही, आणि ती ते कौतुकानं म्हणत होती. पाहुणे पिशवी घेऊन जिना चढून वर आले. 'काय म्हने मॅडम?' त्यांनी विचारलं. मी म्हणाले, 'फोननंच झालं म्हणाल्या.' त्यांनी डोळे मिटले आणि भिंतीला टेकले. खरं सांगते, मला त्या क्षणी त्यांची दया आली नाही. फक्त तिची आली.

या खोट्याची किंमत तिनंच आधी मोजली, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. फोननं झालं म्हटल्यावर घरात फोन तिच्याजवळ आणणार कोण? पोरीचा सुरतेहून फोन आला की पाहुणे तो स्पीकरवर टाकून ओसरीच्या कट्ट्यावर ठेवायचे आणि धाकटीची खाट आतल्या भिंतीशी. मधे सगळी खोली. ती पोर तिकडून 'आई, आई, ऐकू येतंय का' म्हणत रडायची आणि ही इकडून उसनं बळ आणून ओरडायची, 'हो बाई, ऐकू येते.' तिचा आवाज तोवर सुताएवढा राहिला होता. पोरीला काही ऐकू जात नव्हतं. मी हात चोळत बसायची. तिला ठाऊक होतं की फोन उशाशी ठेवला तर काही होत नाही. मला ठाऊक होतं. आणि पाहुणे प्रेमानं, अगदी जिवापाड प्रेमानं, तो आणखी एक हात लांब सरकवून ठेवायचे.

एकदा ते बागेत पाणी द्यायला गेले होते आणि सासू देवळात. मी माझ्या फोनवरून पोरीला लावला आणि धाकटीच्या कानाशी धरला. दोघी बोलल्या. काय बोलल्या ते मी ऐकलं नाही, मी दाराकडे लक्ष ठेवून होते, चोरासारखी. बोलणं संपल्यावर तिनं फोन परत दिला नाही. ब्लाउज घालणं केव्हाच बंद झालं होतं, अंगात माझाच शिवलेला सैल गाऊन होता. तिनं फोन गाऊनच्या आत डाव्या बाजूला ठेवला, त्या दुखऱ्या जागेवरच, आणि वरून हात ठेवला. मोटरसायकलचा आवाज आला तेव्हा मी तो काढून घेतला. तिनं सहज दिला नाही.

पोर शेवटच्या दिवसांत आली, कडेवर लेकरू घेऊन. केळीचे घड उतरवायचा हंगाम होता. धाकटी सकाळच्या प्रहरी गेली. तापीवर सगळं करून आलो आणि मला रडूसुद्धा नीट आलं नाही, एवढी मी चिडलेली होते. कुणावर, तेच ठरत नव्हतं.

तेराव्याला जसोंडीत मोठा मांडव होता. आजूबाजूच्या गावांतल्या बायका आल्या होत्या, त्यांतल्या निम्म्या माझ्याकडे शिवणाऱ्या. पाहुणे मधे बसले होते. बोलता बोलता कुणीतरी म्हातारा म्हणाला की लवकर न्यायला हवं होतं, आणि पाहुण्यांचा बांध फुटला. 'मीच थांबवली,' असं म्हणत ते हुंदके द्यायला लागले, 'ताई नेत होत्या दिवाळीत, मीच आनली परत,' आणि कपाळावर हात मारून घ्यायला लागले. पोर घाबरून बापाला धरायला धावली. सगळा मांडव त्यांच्याकडे पाहत होता.

मी उभी राहिले. माझा आवाज मोठा आहे, तो अख्ख्या मांडवात गेला. 'पाहुणे, उगीच जिवाला लावून घेऊ नका. फोननंच झालं ते. इंदूरच्या डॉक्टरांनी मला सांगितलं. लवकर नेली असती तरी काही झालं नसतं. मी लावलेल्या खिशानं गेली ती.'

पाहुणे हळूहळू शांत झाले. पोरीनं माझ्याकडे पाहिलं ते मी विसरणार नाही. पण बाप जेवायला बसला, दोन घास खाल्ले, आणि मला वाटलं, धाकटे, झालं तुझं काम.

झालं ते वेगळंच. मांडवातून ती गोष्ट गावोगाव गेली. बायका गाठोडी घेऊन माझ्याकडे यायला लागल्या. कुणी तोंडावर काही बोललं नाही, माणसं भली आहेत. फक्त ब्लाउज टेबलावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, 'तेवढे खिसे उसवून द्या.' मी उसवत होते. जे लावताना मला अभिमान होता तेच मी टाका टाका काढत होते, आणि म्हणत होते की जाऊ दे, खिसा गेल्यानं कुणाचं काय बिघडतंय.

परवा एक बाई आली. चाळिशीची असेल, हातात एकच ब्लाउज. मी कात्रीचं टोक टाक्यात घातलं आणि ती सहज म्हणाली, 'लवकर द्या ताई. मलेबी इथं जराशी आली हाय.' आणि तिनं डावा हात काखेजवळ नेला. 'फोन काढून टाकला म्या. आता खिसाबी निघाला की बसून जाईन.'

कात्री माझ्या हातातच राहिली. मी तिला म्हटलं, 'बाई, फोनचा काही संबंध नाही. खिसा राहू दे. तू आत्ताच्या आत्ता माझ्याबरोबर दवाखान्यात चल.'

ती माझ्याकडे पाहतच राहिली. 'लेकिन तुमीच त तेरवीले म्हने होते. सगळ्याइसमोर. डॉक्टरनं सांगितलं म्हने होते.'

'ते खोटं होतं.'

'असं खोटं कोनी बोलते काय? तेबी आपल्या बहिनीच्या तेरवीले?' तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं. मग कळल्यासारखं तिचं तोंड झालं. 'खिशाचा धंदा बसला म्हनून म्हनता काय आता?'

मी टेबलाला वळसा घालून तिचा दंड धरला. तसं करायला नको होतं. ती घाबरली, ब्लाउज ओढून घेतला आणि पायऱ्या उतरून गेली. मी अनवाणी चौकापर्यंत धावले. बाजाराचा दिवस होता. चौकात रिक्षा, हातगाड्या, जिलबीच्या दुकानापुढं गर्दी, आणि तशाच पदराच्या किती बायका. ती कुठंच नव्हती. नाव मी विचारलं नव्हतं, गाव विचारलं नव्हतं. एवढंच माहीत होतं की ती तेराव्याला मांडवात होती. म्हणजे ती कोण, हे फक्त पाहुण्यांना सांगता येणार. आणि पाहुण्यांना विचारायचं तर का शोधतेय तेही सांगावं लागणार.

खोलीत येऊन मी दार लोटलं आणि मशीनसमोर बसले. धाकटीला मनातल्या मनात शिव्या दिल्या. तू सहन करशील म्हणाली होती, पण त्या बाईचं तिनं काही म्हटलं नव्हतं. मग मी फोन लावला.

'बोला ताई,' पाहुणे म्हणाले. आवाज लांबून आला. ते फोन अजूनही कानाला लावत नाहीत, कट्ट्यावर ठेवून दुरूनच बोलतात. मागे त्यांची आई कुणाशीतरी बोलत होती, भांड्यांचा आवाज होता, घरात माणसं होती. हळू बोलून त्यांना काही ऐकू गेलं नसतं. म्हणून मी ओरडून सांगितलं. इंदूरच्या डॉक्टर काय म्हणाल्या होत्या, गाठ कशानं झाली नव्हती, दिवाळीत काय करता आलं असतं, सगळं. थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं, म्हणून न थांबता.

तिकडचा भांड्यांचा आवाज थांबला. मग कुणीतरी फोन बंद केला.

नंतर मी पुन्हा पुन्हा लावून पाहिला. उचलत नाहीत. ती बाई कोण, हे विचारायचं राहूनच गेलं.